जंगम मालमत्ता

साहेबानं पडदा माझ्याकडं वळवला.
सिबिल: उणे एक.
शून्यसुद्धा नाही.
"वाईट नाही हो मावशी," तो म्हणाला,
"फक्त तुमचा इतिहासच नाही."

अकरा वर्षं मेस चालवते मी, लातूरला, ट्यूशनच्या गल्लीत.
दोन वेळेला चाळीस डबे,
दिवाळीला घरी न गेलेल्या पोरांना कानवले.
कोटलवार शेठच्या लाल वहीत माझं पान आहे,
दर महिन्याच्या सातला त्यावर आडवी रेघ.
बारा बायकांची भिशी,
नंबर लागून गेल्यावरही एक हप्ता चुकवला नाही.
यातलं काही म्हणे वर जात नाही.
वर म्हणजे कुठं, विचारलं,
तर त्यानं पंख्याकडं बोट केलं.

अप्पा सांगून गेले होते, कुणाचं देणं ठेवू नको.
नाही ठेवलं.
म्हणून मी नव्हतेच.

आणि हा साहेब, कानामागं तीळ असलेला,
हा तोच असावा, किंवा तसलाच कुणी,
जो नीटला दुसऱ्यांदा कमी पडला
आणि रातोरात खोली सोडून गेला.
माझ्या वहीत तीन हजार चारशे अजून त्याच्या नावावर आहेत.
मी बोलले नाही.
माझी वहीपण वर जात नाही.

मग दिसायला लागावं म्हणून
हप्त्यावर मिक्सर घेतला.
घरात एक होता, चालू.
दुसरा खोक्यातच राहिला, खोबरंसुद्धा वाटलं नाही त्यात.
आठ हप्ते, सहाशे अकराचे.
पाचव्याला खात्यात सतरा रुपये कमी पडले,
बँकेनंच मेसेजचे म्हणून कापलेले,
त्या सतरा रुपयांपायी पुण्याची एक पोरगी
दिवसातून चारदा फोन करायली,
इतकी दमलेली, की शेवटी मीच विचारलं,
जेवलीस का गं?

वर्षानं आकडा आला, सातशे नऊ.
राजेश्वरी म्हणली, कितीपैकी?

घर मात्र बँकेला घर वाटेना.
प्लॉट गुंठेवारीचा, एनए नाही.
भिंती एमआयडीसीत जुळवलेल्या, आत फोम,
वर पांढरा पत्रा, वीस बाय दहा.
पाया कुठाय? उद्या उचलून नेलं तर?
शेवटी एका फायनान्सवाल्यानं दिलं, ट्रॅक्टरच्या व्याजानं.
फॉर्मवर, मालमत्तेचा प्रकार: जंगम.
खाली माझी सही:
शिवकांता संगय्या जंगम.
त्याचा पोरगा हसू दाबायला खाली वाकला.
मी दाबलं नाही.
कोरान्नाची झोळी घेऊन दारोदार फिरलेलं घराणं आमचं,
उंबरा होता तो नेहमी दुसऱ्याचा.

घर रात्री आलं, औसा रोडनं, ट्रेलरवर बसून.
पुढं एक जण वेळूनं लोंबत्या तारा उचलायला,
मागं गल्लीतली सगळी कुत्री.
क्रेननं ते नऊ ठोकळ्यांवर टेकवलं
तेव्हा आवाज झाला, पातेलं खाली ठेवल्याएवढाच.

चौकटीवर नंबराची पट्टी आहे, गाडीच्या चेसीला असते तशी.
काढायची नाही, असं करारात लिहिलंय.
मी तिच्यावरच विभूतीची तीन बोटं ओढली.

दिवस कलला की पत्रा निवताना टकटक वाजतो.
पहिल्या रात्री उठून दार उघडलं,
वाटलं, वसुलीला कुणी आलं.

आता मे आहे. काळ्या मातीला हातभर भेगा,
उगवतीकडचा एक ठोकळा खचलाय.
बाहेरून कुणाला कळत नाही,
मला ताटात दिसतं,
वरण एका अंगाला जाऊन बसतं.
शांतलिंग म्हणतो, जॅक लावून उचलू.
म्हणलं, थांब, पाणी पडू दे, माती फुगंल, मग बघू.
तोवर भात त्या बाजूला वाढते.

छप्पन हप्ते राहिलेत.