बेंजोवरची अक्षरं

झुलाल मास्तरांच्या बेंजोच्या सहा पट्ट्या
शहाद्याच्या एका वरातीत तुटल्या,
घोडी बुजली तेव्हा.
मग दोंडाईच्याच्या भंगारवाल्याकडून त्यांनी
कचेरीतलं मोडकं टाइपरायटर उचललं
आणि त्याच्याच चाव्या बसवल्या,
वायसरखाली वायसर घालून.
त, र, प, य, ट, म.
कानबाईच्या मिरवणुकीत मास्तरांची बोटं पळू लागली
की मला, सहावीतल्या पोराला, वाटायचं
हा माणूस घाईघाईनं कुणाला तरी अर्ज लिहितोय.

माझं काम बॅटरीची गाडी ढकलायचं,
कर्णा फिरला तर सरळ करायचा.
नखी म्हणजे फुटक्या बादलीचा कापलेला तुकडा.
दोन मास्तरांच्या खिशात,
एक माझ्या दातांत.

सुरुवात सारंगखेड्याच्या जत्रेत, तमाशाच्या तंबूबाहेर.
पुढे सव्वीस लग्नसराया.
एकदा सुरतेला, उधन्यात, आपल्याच माणसांत.
एकदा जळगावला, आकाशवाणीत.
तिथल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं,
म्हणाल्या, हे वाद्य यात नाही,
आणि चहा पाजला.
परतीच्या पॅसेंजरमध्ये मास्तरांनी
अमळनेरपासून नरडाण्यापर्यंत
तो चहाच वाजवला.

वाचता येत नव्हतं त्यांना.
एका पाठवणीत, नवरी जीपमध्ये बसलेली,
बाप मांडवाचा दोर उगाच सोडत उभा,
मास्तर वाजवता वाजवता वाकले माझ्याकडे:
"देख रे भाऊ, मना बोटखाले काय लिखेल शे?"
मी पाहिलं. ट, प, प, य, ट.
म्हटलं, "सुखी राहा, असं आहे."
मास्तर हसले
आणि शेवटचा ट जरा जास्तच घोळवला.

मग ट्रकवर भिंतीएवढे डबे आले.
आमची गाडी कुणीतरी उसासाठी नेली, परत दिली नाही.
मास्तर मिरचीच्या यार्डात पोती शिवायला लागले.
दाभण चालायचं त्याच लयीत,
पण रात्री बोटं चुरचुरायची, तारेला लागू देईनात.
बेंजो माळ्यावर गेला, गोधडीत.
विकला नाही. कुणी मागितलाही नाही.

माझ्याकडे भूगोलाची वही आहे.
मागच्या पानांवर पेन्सिलीनं
कानबाईची चाल उतरवलेली:
त र र . प . . म
त र . . . य
ज्या पट्ट्यांवर अक्षर नव्हतं
तिथे मी टिंब दिलं होतं.
तेव्हा वाटलं, एवढं पुरे.

टिंबं फार आहेत.