बोखाऱ्याच्या माळावर एकोणनव्वद पेट्या

भोक पुरं झालं काल संध्याकाळी.
आज मे महिन्याच्या सकाळी साडेनऊला
मी शेवटच्या पेटीसमोर उकिडवी बसले आहे.
लाकडी खणांत दगडाच्या कांड्या,
मनगटाएवढ्या,
अंधारातून अचानक उठवल्यासारख्या.

वाचायचं खालून वर.
गोतमारे मॅडम म्हणायच्या,
पोथी शेवटून उघडली आहे असं समजा,
आणि मधली पानं कुणी फाडली ते विचारू नका.

तळाशी नाईस. करडा, गुलाबी पट्ट्यांचा.
नोंदवहीत त्याच्याबद्दल दीड ओळ लिहिते.
इतक्या थोरल्याला वय विचारायला
जीभ रेटत नाही.

त्याच्यावर हिरवट चिखलदगड,
त्यात रुतलेले गोटे, लहान, मोठे, कोपऱ्याकोपऱ्यांचे,
कशाचा कशाला मेळ नाही.
नदी असं करत नाही. नदी पाखडते,
जड आधी ठेवते, हलकं पुढे नेते.
हे तर कुणी पोतं उपडं करून
मागे न बघता निघून गेलेलं.
एका गोट्याची बाजू सपाट, तिच्यावर समांतर ओरखडे.
भिंग लावते.
मग उगाच बोटही लावते.

"बर्फ," मी म्हणते.

रेवाराम उईके पान्हा खाली ठेवतो.
"कायचा बर्फ, मॅडम? सेहेचाळीस होऊन राहिला पारा."
"हिमनदी होती इथे. तीस कोटी वर्षांपूर्वी."
तो माळ बघतो, कोराडीची धुरांडी बघतो,
डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा आवळतो.
"म्हंजे आपण लय उशिरा आलो."

दुपारी ऑफिसचा फोन.
कोळसा?
नाही, नुसते काळे पट्टे, बोटभर.
नाही म्हटलं की फोन संपतो.

अठ्ठावन्नाव्या पेटीत कांडी हातात दुभंगते
आणि आत पान.
जिभेसारखं लांबट, मधोमध शीर,
शिरेपासून जाळं विणत गेलेल्या रेषा.
देठाकडचा भाग आमच्याच ड्रिलनं कापलेला.

"ह्या थराले काय म्हनता?"
"गोंडवाना."

थोडा वेळ कुणीच बोलत नाही.
"आमचा?"
मी सांगते: कुणी साहेब आला होता जुन्या काळी,
तुमच्या रानांवरून त्यानं हे नाव घेतलं,
आता ऑस्ट्रेलियात म्हणतात, आफ्रिकेत म्हणतात,
अंटार्क्टिकात माणूस राहत नाही, तिथल्या दगडालाही म्हणतात.
"तिकडं कोनी उईके हाय का?"
"नाही. पण हेच पान आहे."

तो हसतो. मग म्हणतो,
"देवलापारच्या सातबाऱ्यावर नाही चढलं अजून.
तहसीलच्या सात चकरा झाल्या."

मला उत्तर सुचत नाही.
मी वरच्या थराकडे सरकते, तेही त्याला दिसतं.

वाळूचा दगड संपतो, लमेट्याचा चुनखडक सुरू होतो.
मध्ये एक रेघ, नखानं ओढल्यासारखी.
त्या रेघेत अठरा कोटी वर्षं नाहीत.
काही घडलंच नाही असं नव्हे.
घडलं, साचलं, आणि धुऊन गेलं,
आणि जाताना कुणी पावती दिली नाही.
तक्त्यावर तिथे नागमोडी ओळ काढायची असते.
शेजारच्या रकान्यात
काहीही लिहायचं नसतं.

पुढचं सोपं. लाव्हा,
सीताबर्डीच्या टेकडीचा काळा भाऊबंद,
फोडाफोडांत पांढरे स्फटिक.
त्याच्यावर काळी माती, हातभर,
मातीत बांगडीचा हिरवा तुकडा
आणि खर्ऱ्याची पन्नी.
तेही लिहिते. खोली: शून्य ते पन्नास सेंटिमीटर.

तंबूत जाऊन पाणी पिऊन येते, तर
रेवारामनं दुपट्टा कॅनमध्ये बुडवून
अठ्ठावन्नाव्या पेटीवर पसरला आहे.
डोकं उघडं, मानेवर घाम.

मी काही विचारायच्या आत
तोच म्हणतो, जरा ओशाळून,
"पान हाय ना, मॅडम.
उन्हानं करपन."