पिवळं उद्गारचिन्ह

रात्री दीड वाजता मी त्याला कोरा केला.
व्हायरस होता, दुसरा इलाज नव्हता.
सकाळी त्याने मलाच विचारलं,
देश कोणता, भाषा कोणती, कीबोर्ड कसला.
अकरा वर्षं याच टेबलावर
नेहरूनगरच्या एका इमारतीच्या जिन्याखाली
आम्ही दोघांनी मिळून
अर्ध्या कुर्ल्याचे उत्पन्नाचे दाखले काढले,
आणि हा विचारतो, नाव काय.
लिहिलं, यशवंत गोठणकर.
म्हणाला, स्वागत आहे.

खाली कोपऱ्यात घड्याळ
दोन हजार नऊ सालात उभं.
शेजारी पृथ्वीचा बारका गोल, त्यावर फुली.
भिंतीवरच्या डबीचे चारही दिवे हिरवे.
केबलवाल्याची निळी तार
समोरच्या गच्चीवरून, वाळत्या कपड्यांखालून,
पिंपळाला वळसा घालून
रोज येते तशीच आलेली.
काढली, फुंकर मारली, घातली.
टक् झालं. बाकी काही नाही.
मग त्या यादीत गेलो
जिथे यंत्राचे अवयव नावानिशी लिहिलेले असतात.
एका ओळीपुढे पिवळं उद्गारचिन्ह.
ड्रायव्हर नाही.

ड्रायव्हर नेटवर मिळतो.
नेट, ड्रायव्हर असला तर मिळतं.
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
आई हे एका चुलतमामाबद्दल म्हणायची.
मशीनबरोबर सीडी मिळाली होती तेव्हा.
तिला दोरा बांधून मीच दारावर टांगली होती,
कबुतरं येऊ नयेत म्हणून.
उतरवून पाहिली. उन्हाने चांदी उडालेली.
कबुतरं मात्र येतच होती.

बाकावर तिघं होते.
दोघं तोंडात पुटपुटत पुढच्या गल्लीत गेले.
तुपसुंदर बाई उठल्या नाहीत.
मुलाचा आयटीआयचा फॉर्म, शेवटची तारीख आजची,
पाचपर्यंत.
मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी,
तिच्यात मार्कशीट, जातीचा दाखला, दोन फोटो.
मी सांगितलं, ड्रायव्हर गेलाय.
म्हणाल्या, मग गाडी कोण चालवणार?
मला हसू आलं नाही.
जरा वेळाने म्हणाल्या, चार्जिंगची वायर आहे का?
म्हटलं, लावा की तिकडे.
नाही हो. याला लावायची.
बीकेसीत नवव्या मजल्यावर मी फरशी पुसते ना,
तिथली पोरं करतात. नेट गेलं की
फोन जोडतात, फोनचं नेट यात उतरतं.
मी पुसते तेव्हा बघते.

काच तडकलेला फोन.
सेटिंगमध्ये खाली, आणखी खाली, एक बटण.
मी दोनदा चुकीचं दाबलं.
थांबा, घाई करू नका, त्या म्हणाल्या,
अगदी माझ्या आवाजात,
ज्या आवाजात मी दिवसभर लोकांना सांगतो.
घड्याळ दचकलं
आणि थेट आज दुपारच्या बारा चाळीसवर येऊन पडलं.

दिवसाचं दीड जीबी, त्यातलं निम्मं
पोराने सकाळीच संपवलेलं.
फाइल उतरू लागली.
बाई पदर सावरून टक्क्यांकडे बघत राहिल्या
गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा.
बासष्टवर अडकलं. कुणीच बोललं नाही.
मग त्रेसष्ट.

उद्गारचिन्ह कधी गेलं ते दिसलंच नाही.
फॉर्म भरला. वडिलांचं नाव विचारलं
तेव्हा त्यांनी आधी स्वतःचं सांगितलं,
मग म्हणाल्या, लिहा, त्यांचंही लिहा.
ओटीपी आला तो त्याच बांधलेल्या फोनवर,
मान वाकडी करून वाचला.
चार वाजता पावती छापली.
माझे तीस रुपये. मी नको म्हटलं.
त्या म्हणाल्या, नेटचे दहा कापा, वीस घ्या.
घेतले.

मग वायर उपटली. मी श्वास धरला.
गोलावर फुली आली नाही.
निळी तार आपल्या कामाला लागली होती.

मराठीचे फॉन्ट अजून टाकायचेत.
जुन्या फाइली उघडल्या तर
नावांच्या जागी नुसते चौकोन, रांगेने,
कुणाचा कुठला ते ओळखू येत नाही.
सीडी परत दारावर टांगली.