कॅमेरा नंबर पाच

संत्री चोरीला जातात म्हणून लावले कॅमेरे.
चार. फाटक, विहीर, ओसरी
आणि एक स्वयंपाकघरात.
तिथं कुठली आली संत्री, हे मी विचारलं नाही.
नव्या लग्नात बाई बरंच काही विचारत नाही.

वरूडचा शकील शिडीवरून वायर ओढता ओढता म्हणाला,
"वहिनी, पासवर्ड कंपनीचाच हाये.
भाऊले सांगून बदलून घेजा."
मी भाऊले सांगितलं नाही.

उमाकांत सोमवारी नागपूरला जायचा, शनिवारी यायचा.
मधल्या दिवसांत त्याचा फोन:
"काय वं, आज भाजीत सांभार नाही टाकला?"
मी हसायचे. वर पाहून लाजायचेसुद्धा.
खरं सांगते, पहिले चार महिने
मला ते प्रेमच वाटलं.
सहा बहिणींत मी चौथी,
इतकं निरखून मला कोणी पाहिलंच नव्हतं.

मग एकदा: "दुपारी फाटकाशी कोन होतं?"
"दळणवाला पोरगा."
"अकरा मिनिटं?"

त्या रात्री काच तडकलेला जुना मोबाइल
आलमारीतून काढला, कंपनीचा पासवर्ड टाकला.
फाटक. विहीर. ओसरी.
मी नसलेलं माझं स्वयंपाकघर.
आणि एक पाचवा चौकोन.

पाचव्यात एक ओटा होता.
ओट्यावर माझ्यासारखाच गंज,
माझ्यासारखेच सहा पितळी डबे,
"दुकानात एकच सेट उरला होता" म्हणून त्यानं आणलेले.
रात्री अकराला एक बाई भाकरी थापत होती,
कोपराजवळ भाजल्याचा डाग.
मधेच थांबली. वर पाहिलं.
मी पाहते तसंच, हनुवटी न उचलता,
नुसते डोळे.

मला राग यायला हवा होता.
मला आधी वाटलं,
हिलाही कोणी सांभाराचं विचारत असेल.

बुधवारी मी चिमटा ओट्याच्या डाव्या कडेला ठेवला.
गुरुवारी तिचा चिमटा डावीकडे.
म्हटलं, होतं असं. गंज पालथा घातला.
तिनं पालथा घातला.
माझ्या हातातली कणिक कितीतरी वेळ
तशीच राहिली.
तिच्याकडेही कुठला तरी शकील
शिडीवर चढला असणार.

मग आम्ही बोलायला लागलो.
झाकणी तिरपी म्हणजे तो आज इथं आहे.
दोन वाट्या एकात एक, म्हणजे झोप नाही.
पहिली कोण, दुसरी कोण,
हे भांड्यांत विचारता आलं नाही.
नंतर विचारायचंही राहून गेलं.
तो रोज दोघींना पाहत होता
आणि त्याला दिसत होती फक्त भांडी.

आंबियाची तोडणी सुरू झाली त्या आठवड्यात
तिच्या ओट्यावर मिठाचा डबा
तीन दिवस पालथा होता.
तिचा ओठ सुजलेला.
मी बाहेरचा खोका उचलून आत आणला,
छापील बाजू कॅमेऱ्याकडे करून ओट्यावर ठेवला:
उमाकांत बेलसरे, संत्रा बागायतदार,
गाव, तालुका, सगळं लाल अक्षरांत.
त्यानं रात्री फोनवर खोक्याचं काहीच विचारलं नाही.
स्वतःच्या नावाकडे माणूस
संशयानं पाहत नाही.

काल पाचवा चौकोन दिवसभर काळा.

आज पहाटे चार दहा. फाटक.
धुक्यात एक बाई, हातात कापडी पिशवी.
कुत्रं भुंकलं नाही, कोण जाणे का.
तिनं कडीसाठी हात वर केला,
शालीची बाजू घसरली,
कोपराजवळ तो डाग.

तेवढ्यात फोन वाजला.
"कोन आली वं फाटकाशी?"
त्याच्या आवाजामागं गाडीचा आवाज होता.
गियर बदलल्याचा.
म्हणजे तो निघालेलाच होता,
केव्हाचा, ते मला कळलं नाही.

मी मीटरपाशी गेले, मेन स्विच खाली ओढला.
फ्रिज थांबला. वरचा तो लाल ठिपका विझला.
"लाईन गेली," मी म्हणाले,
आणि फोन पिठाच्या डब्यात टाकून
अनवाणी पळाले.

अंधारात तिचा हात आधी सापडला,
कडी नंतर.