बशीभर रविवार

आमच्या मांगेरेच्या घरात आता
एक छोटा चमचा माझ्या नावाचा आहे.
मुळात नातवाचा. दांड्यावर झिजलेलं बदक.
त्या बदकाची मान धरून
मी रोज सकाळी अर्ध्या अंड्यापाशी
वीस मिनिटं बसतो.

चावायचं. थांबायचं. परत चावायचं.
पाणी मग, अर्ध्या तासाने, घोट घोट.
"घाई केलीत तर पोट लगेच सांगेल,"
रोवेना नर्स म्हणाली होती.

सांगतं.
दुसऱ्या महिन्यात कोंबडीच्या एका कोरड्या तुकड्याने
मला डेपोच्या संडासात गुडघ्यांवर आणलं,
तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी,
आणि बाहेर माझी बस
भरलेली, चालू, चार मिनिटं उशिरा.

बावन्न वर्षं म्हणत आलो, पोटासाठी राबतोय.
ते आता केळ्याएवढं उरलंय.
बाकीचं कुठे नेलं, मी विचारलंच नाही.
सिना म्हणते, विचारायला हवं होतंस,
इतक्या वर्षांची सोबत,
निदान निरोप तरी घ्यायचा.

भूक गेली. सवय नाही गेली.
रात्रपाळी संपली की कोपऱ्यावरच्या पायच्या दुकानाकडे
हात आपोआप वळतात,
मी मागे बसलेला प्रवासी असल्यासारखे.
मग आठवतं, आणि गाडी सरळ घेतो.
सरळ घेतो म्हणजे काही जिंकत नाही.
फक्त घरी लवकर पोचतो,
आणि घरी पोचून करायचं काय, ते सुचत नाही.

कंगव्यात केस येतात.
फेब्रुवारीच्या उन्हात जाकीट घालून फिरतो.
अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय.
आंघोळीला उतरलो की दिसतं
तंबू उतरवल्यावर उरतं तसलं कापड,
माझ्याच अंगावर, घड्या न घातलेलं.
पण सीटबेल्ट लागतो. जोडपट्टीशिवाय.
पहिल्या दिवशी तो 'खट' आवाज ऐकायला
मी तीनदा काढला, तीनदा लावला.

आमच्यात दांडगा माणूस म्हणजे भरलेलं घर.
माझ्याकडे बघून चर्चच्या पायरीवर
बायका आवाज खाली आणतात.
ताविता सरळ विचारतो, "किती महिने दिलेत डॉक्टरांनी?"
"बरा होतोय," मी म्हणतो.
तो माझा खांदा दाबतो,
मेलेल्याच्या भावाचा दाबावा तसा.

इओसेफो चार वर्षांचा.
दुपारी माझ्या पोटावर झोपायची त्याची जागा होती.
परवा चढला, इकडे वळला, तिकडे वळला,
"टोचतोस तू," म्हणाला,
आणि सोफ्यावरची उशी आणून माझ्यावर ठेवली,
मग तिच्यावर झोपला.
उशीखाली मी कितीतरी वेळ हललो नाही.

राहिली लागी आत्या. वय एक्क्याऐंशी.
रविवारी चर्चनंतर तापल्या दगडांवरची पानं तीच उघडते:
अळूचे कंद, मासे, डुक्कर,
आणि नारळाच्या दुधात शिजलेली, पानात बांधलेली पालुसामी.
शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रविवारी
तिने नेहमीसारखं दोन मजली ताट वाढलं.
मी दोन चमचे पातळ सूप प्यायलो.
ती माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत राहिली,
आपणच टाकून दिल्या गेल्यासारखी.
"माझ्या हाताला काय झालंय?" एवढंच बोलली,
आणि ताटाला फॉइल गुंडाळायला लागली.
चार महिने तसंच. ताट, फॉइल, गप्प.

या रविवारी ती बशी घेऊन आली.
चहाच्या कपाखालची, निळ्या काठाची.
तीवर चमचाभर पालुसामी,
अंगठ्याएवढा मासा, कंदाची एक चकती.
दुसऱ्या हातात तो मोठा डाव, रिकामा,
कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा.

"पुरे?" तिने विचारलं.

एक्क्याऐंशी वर्षांत हा शब्द
तिने कुणाला विचारल्याचं कुणालाच आठवत नाही.
शेजारची पंगत क्षणभर थांबली.

पालुसामी मी बदकाच्या चमच्याने संपवली,
सावकाश. ती समोर बसून होती.
कंद मात्र मला अजून जड जातो.
तो तिने माझ्याकडे न बघता उचलला
आणि आपल्या तोंडात टाकला.