अकरा प्रश्नचिन्हं

वाळपईच्या ऑफिसात मी जंगल सांभाळत नाही,
जंगलाच्या फायली सांभाळतो.
दर वर्षी नव्या पोरांना सांगतो:
शेपफाईल ही एक फाईल नसते बाबांनो,
एकाच नावाची पाच-सहा भावंडं असतात.
एकट्यालाच मेलवर बसवून धाडलं
तर ते पोचतं, पण मुकं.

सर्व्हरवर 'सत्तरी_अंतिम' आहे,
'सत्तरी_अंतिम_नवीन' आहे,
आणि 'सत्तरी_अंतिम_हात_लावू_नये_मेल्विना'.
मेल्विना पासपोर्ट करून लिस्बनला गेली
त्याला आता तीन वर्षं होतील.
कुणी हात लावलेला नाही.

परवान्याचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर चालायचं,
वहीत पाळ्या लागायच्या, पाळ्यांवरून भांडणं.
गेल्या मे महिन्यात सगळ्यांना फुकटातल्यावर आणलं
तर डॉक्टर कुलासो महिनाभर माझ्याशी
फक्त हरवलेल्या बटणांविषयी बोलल्या.

बॅकअपची डिस्क मी उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवतो.
इथल्या हवेत चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते,
आणि तिच्यात तर अठरा वर्षांचं रान आहे.

मंगळवारी तीनशे अकरा झाडं
म्हादईच्या पात्रात उभी दिसली.
घाबरायचं कारण नव्हतं.
जुना नकाशा एका पृथ्वीवर काढलेला,
जीपीएस दुसऱ्या पृथ्वीवर चालतो,
दोन्हींत शंभरेक मीटरचं वाकडं.
पण झिलू गावस मागे येऊन उभा राहिला,
हातात टेप, खांद्यावर कोयता,
आणि पडद्याला म्हणाला,
"हीं झाडां उदकांत नात. हांवें नंबर मारल्यात."

झाडं काठावर आणली. एका क्लिकचं काम.
मग नावांचा रकाना उघडला:
??? ?????? ?????
कुठल्या तरी मशीनवरून जाताना
देवनागरी वाटेत सांडली होती.
शेजारचा शास्त्रीय नावांचा रकाना
अर्ध्याहून जास्त रिकामा, पण जो होता तो शाबूत.
लॅटिनला कधी काही होत नाही.

मी चिन्हं मोजायला लागलो.
सहा म्हणजे माट्टी, काना-वेलांटीसकट.
तीन म्हणजे खैर. की फणस?
पाच आले की संपलंच:
किंदळ पाचाचा, जांबो पाचाचा, भिरंड पाचाची.

झिलूने खुर्ची ओढली.
दोन दिवस मी नंबर वाचला, त्याने झाड सांगितलं.
सत्तावन्न? जांबो, वीज पडलेला.
अठ्ठावन्न? किंदळ. हिच्या मुळाशी तुमचा तो दिल्लीवाला पडला.
एकशे तीस? आता नाही. तरीपण लिही, होतं म्हणून.
ह्या वाक्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
एक केला. रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात,
'hota' चारांत बसलं.

दोनशे चार.
अकरा प्रश्नचिन्हं.
झिलूने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
परत घातला नाही.
"तें तशेंच दवर."
आठवत नाही का, मी विचारलं.
"याद आसा," म्हणाला,
आणि चहा सांगायला खाली गेला.

मी नकाशा जवळ ओढला.
उपग्रहाच्या चित्रात त्या जागी
भोवतालच्या काजूंत न मिसळलेला
एक गर्द हिरवा ठिपका,
नखाएवढा. वाट कुठूनच जात नाही.
मी लगेच दूर केला.

माहिती नसेल तिथे उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव टाकायचं,
असा नियम मीच लिहिलेला, मीच भिंतीवर चिकटवलेला.
पण माहिती होती.
फक्त माझ्याकडे नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर कुलासोंनी यादी चाळली.
दोनशे चारपाशी बोट थांबलं. "ही एक राहिली वाटतं?"
मी शेऱ्याच्या रकान्याकडे दाखवलं,
दुपारीच लिहून ठेवलं होतं:
तपासलं. बरोबर आहे.

मग डिस्क काढली,
आणि तांदळात पुरली.