राज्य

रविवारी टिंबर मार्केट बंद.
देवशीभाईंनी वखारीची किल्ली दिली, न विचारता;
एकतीस वर्षं त्यांचं टपाल टाकलंय मी.
"भुसा न्या हवा तेवढा," म्हणाले.
न्यायचा नव्हता.
पुरायचं होतं त्यात काहीतरी.

"भवानी पेठेत बर्फ कुठला," वृंदा म्हणाली, "हा चालेल."
सागाचा, बाभळीचा, पाइनचा मिसळलेला ढीग,
पुरुषभर उंच, एका अंगाला उतरता.
पुढच्या महिन्यात गुलमर्ग, तो लांबडा बोर्ड, आणि बरोबर तिघं.
ती बराच वेळ त्या उताराकडे बघत राहिली
पत्र्याखाली,
आणि मला पहिल्यांदा कळलं, ही भिते.
बरं वाटलं.

दोन बीकन. एक तिच्या छातीशी, पट्टा आवळून.
दुसरं मी तिच्या शाळेच्या स्वेटरात गुंडाळून
प्लॅस्टिकच्या डब्यात घातलं,
स्टीलचा नको म्हणाली, हाक कोंडते.
ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली
तोवर मी ढिगात खांद्यापर्यंत हात घालून आलो.
पाच वर्षांची असताना अशीच उभी राहायची,
बोटांच्या फटीतून बघत.
आता बघत नाही.

"राज्य माझ्यावर," म्हणाली, आणि फाटकापासून निघाली.
मी मागोमाग, हातात मोबाइलचं घड्याळ.
अडतीस. एकतीस. मग एकदम बावन्न,
बाण उलटा.
"बाबा, मोबाइल! तो जवळ असला की हे वेडं होतं."
बंद करून करवतीच्या टेबलावर ठेवला.
मग वेळ कसा मोजायचा?
मोजला, जसा मोजतात तसा:
दहा, वीस, तीस, चाळीस…
शंभर झाले की एक बोट दुमडायचं.
नऊ बोटं म्हणजे पंधरा मिनिटं.
त्यानंतरही शोधतात,
पण पाय तसे पळत नाहीत.

चोवीस. अठरा. नऊ.
पेठेतले घरनंबरही असेच उतरतात,
मध्येच एखादा बोळ गिळतो.
तीनवर ती वाकली, यंत्र भुशाला टेकवून
इस्त्री फिरवावी तसं, उभं, मग आडवं.
मग जोडकाठी सरळ केली
आणि चकली पाडावी तशी मधून बाहेर,
वीत-वीतभर अंतरावर खुपसत गेली.
काठी अडली. मऊ अडली.
ती तिथेच सोडून फावडं घेतलं
उताराच्या खालच्या बाजूने.
"डोक्यावर उभं नाही राहायचं, बाबा.
त्याची हवा तिथेच असते."
सहावं बोट.
पुन्हा पुरलं. चौथं बोट.

मग म्हणाली, "आता राज्य तुझ्यावर."
"मी कुठे येतोय तिथे?"
"मी खाली असेन, तर हे दुसऱ्या कुणालातरी करावं लागेल.
किती अवघड ते बघ तरी."

घाम, भुसा, चष्म्यावर भुसा.
आकडा उतरला, चढला, पुन्हा उतरला.
अख्ख्या नोकरीत एक पत्र चुकवलं नाही,
आणि इथे चार ढांगांवरचा पत्ता सापडेना.
गुडघा धरला. "टाइमप्लीज," मी ओरडलो.
ती मोजतच राहिली.
साठ, सत्तर.
काठी खुपसली: टणक, ओंडका.
टणक, फरशी.
पुन्हा टणक.
तिचं नववं बोट दुमडलं,
तिने आवाज बदलला नाही, पण हळू केला.
दहा. वीस.
मऊ.

फावडं सोडून हातांनीच उपसलं,
चुकीच्या बाजूने, अगदी वर उभा राहून.
डबा. स्वेटर. कॉलरीला आतून लाल दोऱ्याने
तिच्या आईने घातलेलं नाव, व आणि ऋकार,
त्यात भुसा अडकलेला.

वृंदा काही बोलली नाही.
पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली नाही.

"पुन्हा," मी म्हणालो. "तू लपव."
आणि भिंतीकडे तोंड केलं.